तोंडबांधी

माझ्या मावशीला सगळी गल्ली तोंडबांधी म्हणायची. तिच्यासमोर कुणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं. मी एकदा विचारलंही, "राग नाही येत गं?" तर म्हणाली, "खोटं काय आहे त्यात?" झालं. ह्या बाईशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्के मारायचे.

संग्रहालयात तिने सगळी हयात घालवली. काम धूळ काढायचं. मऊ केसांचा ब्रश, सुती फडकं आणि तोंडावर नाकापासून हनुवटीपर्यंत बांधलेला इस्त्रीचा पांढरा रुमाल. नोकरीला लागली त्या आठवड्यातच तिथल्या प्रमुख साहेबांनी तिला सांगितलं होतं, "बाई, जुन्या वस्तूंना चोराची भीती नाही तेवढी माणसाच्या श्वासाची. श्वास म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे बुरशी." लोक असलं ऐकतात आणि घरी जाताना विसरतात. मावशीने ते जे डोक्यात घेतलं ते कायमचं. कुठल्याही जुन्या फोटोकडे बघायला वाकली तरी तिचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे जायचा. आमच्या घरी मात्र ती येत नसे. ते पुढे सांगते.

तिच्या देखरेखीतल्या वस्तूंत एक लाकडी बाळ होतं. खऱ्या तान्ह्या बाळाएवढं, कुशीवर निजलेलं, मुठी मिटलेल्या. कुणी कोरलं, कुणासाठी कोरलं, कुणालाच ठाऊक नाही. ओठांवर जुन्या लाल रंगाचा एक टवका तेवढा शिल्लक होता आणि तो उडू नये म्हणून मावशी त्या जागेवरून ब्रशसुद्धा श्वास रोखून फिरवायची. तिने लग्न केलं नव्हतं. त्या बाळावरून लोक तिच्याबद्दल काय काय बोलत असतील ते मी सांगायला नको. लोकांच्या तोंडाला कुणी रुमाल बांधायचा?

मग लढाई सुरू झाली. आमच्या वस्तीमागच्या टेकडीत दगडाची जुनी खाण होती, तिच्या पोटात सरकारने बंकर केला आणि संग्रहालयातल्या मौल्यवान वस्तू तिथे हलवायचं ठरलं. बाळाची पेटी मावशीने स्वतः भरली. मलमलीचं कापड आणून त्याच्या कडा हाताने दुमडून शिवल्या, त्यात बाळाला गुंडाळलं, भोवती भुसा दाबला आणि झाकण स्क्रूने बसवलं. संग्रहालयाच्या पेटीला खिळा मारत नाहीत. हातोड्याच्या दणक्याने आतला रंग सुटतो. शेवटी ओळखीसाठी कडीला एक निळी चिंधी बांधली. पेट्या ट्रकवर चढल्या आणि दोन दिवसांनी बंकरमध्ये पोचल्या. मधल्या वेळात त्या कुठे होत्या हे तिने विचारलं नाही. साहेबांना असलं विचारायची रीत नव्हती.

बंकरची राखण तिच्याकडेच आली. काम म्हटलं तर सोपं. पेट्यांवर ताडपत्री, ताडपत्रीभोवती पत्र्याच्या थाळ्या, थाळ्यांत कळीचा चुना. चुना हवेतली ओल पितो, फुगतो, त्याचं पीठ होतं. मग तो काढून नवा ठेवायचा. साहेबांचे नियम दोन. ताडपत्रीला हात लावायचा नाही, आणि काहीही झालं तरी आतून घातलेला अडसर काढून दार उघडायचं नाही. "आत गर्दी शिरली," साहेब म्हणाले होते, "तर बॉम्बची गरजच उरणार नाही. त्यांच्या श्वासानेच सगळं नासेल." मावशी रोज चुन्याची पाटी घेऊन टेकडी चढायची. अख्खी वस्ती बघायची. ताडपत्रीखालून एका पेटीची कडी डोकवायची, तिला निळी चिंधी. तिच्याशेजारी खुर्ची टाकून ती डोळ्यांत तेल घालून बसायची.

एका दुपारी विमानहल्ल्याचा भोंगा झाला. वस्तीला सगळ्यात जवळचा आसरा म्हणजे टेकडी, म्हणून माणसं तिकडेच धावली. माझे बाबा शिंपी होते, गळ्यात टेप तसाच घेऊन पळत सुटले. आई मला कडेवर घेऊन त्यांच्या पुढे. लोकांनी त्या लोखंडी दारावर हातांनी, दगडांनी, चपलांनी ठोठावलं. आई ओरडली, "ताई, मी आहे गं! धाकटी!"

दार उघडलं नाही.

मग सगळे उलटे शाळेच्या तळघराकडे पळाले. गिरणीच्या भिंतीजवळ बाबांनी आम्हा दोघींना पुढे ढकललं आणि ती भिंत त्यांच्यावर आली. हे मला आईने सांगितलं, तेही एकदाच. त्यानंतर ती बाबांच्या मशीनवर बसली आणि मला मोठं केलं. मावशी भेटायला आली तेव्हा आईने मशीन थांबवलं नाही. तिसऱ्या खेपेनंतर मावशी यायची बंद झाली.

मी माझ्या वळणावर गेले, म्हणजे जिभेला हाड नाही. अठरा वर्षांची झाल्यावर थेट मावशीच्या खोलीवर भांडायला गेले. तिने खुर्ची दिली. मी बसले नाही. पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "दोन्ही वाचलं नसतं गं." बस्स, एवढंच. पुढच्या रविवारी उरलेलं भांडण करायला पुन्हा गेले. असं दर रविवारी भांडायला जाता जाता मला तिच्याकडे जायची सवय लागली.

आईला ते कळलं होतं. ती रागावली नाही, पण एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तिने एकदा म्हणावं, उघडायला हवं होतं. एवढं म्हटलं तर मी बोलेन तिच्याशी. मला दुसरं काही नको." मी तो निरोप पोचवला. मावशी म्हणाली, "कसं म्हणू? बाळ आहे ना तिथे."

बाळ खरंच होतं. लढाई संपली तेव्हा साहेबांनी तिच्याकडून किल्ली घेतली, 'वस्तू आम्ही हलवतो' म्हणाले, आणि काही महिन्यांनी बाळ दालनात काचेच्या कपाटात परत निजलं. खाली पाटी लागली की युद्धकाळात ते सुरक्षित ठेवण्यात आलं होतं. कुणी ठेवलं ते पाटीवर नव्हतं, पण मावशीला त्याचं काही नव्हतं. निवृत्त झाल्यावरही ती तिकीट काढून आत जायची, रुमाल बांधायची आणि काचेसमोर उभी राहायची. मीही जायचे बरोबर. खरं सांगते, त्या लाकडाच्या तुकड्याचा मला हेवा वाटायचा. माझ्या बापाच्या जागी ते वाचलं होतं. पण हळूहळू मलाही वाटू लागलं की निदान काहीतरी वाचलं. मनाला तेवढाच काडीचा आधार.

मी वायरिंगची कामं करते. गेल्या वर्षी संग्रहालयाने तो बंद पडलेला बंकर लोकांना बघायला खुला करायचं ठरवलं आणि आतल्या जुन्या फिटिंगची तपासणी माझ्याकडे आली. इतकी वर्षं तिथे कुणी फिरकलं नव्हतं. खालच्या अंगाला पाणी झिरपायचं, सापाकिरडूची भीती, म्हणून दाराला साखळदंड घालून सगळे मोकळे झाले होते. मी मावशीला म्हटलं, "येतेस? तुझ्याइतका रस्ता कुणाला माहीत नाही." वयाने वाकलेली बाई, पण सकाळी माझ्याआधी तयार. रुमालाला इस्त्री केलेली.

साखळदंड कापावा लागला. दार अर्धं उघडलं आणि गच्च कोंदट वास बाहेर आला. मी हेल्मेटवरची बॅटरी लावली. उतार ओला होता, एका हाताने मी मावशीला धरलं आणि दुसऱ्याने भिंतीवरची वायर चाचपत निघाले. जुनी कापडी आवरणाची वायर, हात लावताच आवरण भुगा होऊन बोटांना चिकटत होतं. चिनी मातीचे स्विच मात्र ठणठणीत. मावशी पुढचं सगळं न बघता सांगत होती. "आता डावीकडे कोनाडा येईल. त्यात कंदील असायचा." कंदील होता. काच फुटलेला. "इथे डोकं सांभाळ." मी सांभाळलं नाही आणि हेल्मेट दणकन छताला आपटलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आतल्या दालनात तिची खुर्ची होती, एक पाय कुजून कलंडलेली. पत्र्याच्या थाळ्या होत्या, त्यांतला चुना पार दगड झालेला. आणि त्यांच्या मधोमध ताडपत्री होती. खाली काहीतरी होतं. छातीएवढ्या उंचीचा ढीग.

मावशी थांबली. तिने माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. "अगं, विसरले!" ती म्हणाली. "मेले विसरले गं! नेलंच नाही सगळं! इतकी वर्षं ह्या ओलीत..." तिने घाईघाईने रुमाल बांधला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या ताडपत्रीला हात घातला. ताडपत्री हातातच फाटली. पेट्या जशाच्या तशा, एकावर एक. अगदी पुढच्या पेटीच्या कडीला चिंधी. रंग उडाला होता, गाठीच्या आत तेवढा निळा.

"पण बाळ तर तिकडे आहे," मी म्हटलं.

मावशी झाकणावरची माती हाताने पुसत होती. मग हात थबकला. "खिळे," ती म्हणाली. "ह्याला खिळे कुणी मारले?"

मी तिला म्हटलं, राहू दे, आपण वर जाऊन कुणाला तरी बोलावू. तिने ऐकलं नाही. "उघड." मी जाड स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून झाकण उचकटलं. वरती काळा पडलेला भुसा. भुशाखाली मलमल. कडा हाताने दुमडून शिवलेल्या. तिने ते गाठोडं दोन्ही हातांनी उचलायला बघितलं, जसं तान्ह्याला उचलतात तसं, मानेखाली हात घालून. उचललं गेलं नाही. तिथेच सोडवलं.

विटा होत्या. तिने शिवलेल्या कापडात नीट गुंडाळलेल्या, बांधकामाच्या साध्या विटा.

"दुसरी उघड," ती म्हणाली. मी उघडली. विटा. तिसरीत दगड आणि रद्दी. एकीत तर फुटकं वॉशबेसिन निघालं. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे. ह्यांनी उंदीरसुद्धा ठेवला नव्हता. मी प्रत्येक झाकणागणिक शिव्या देत होते आणि रडत होते. मावशी रडली नाही. तिने रुमाल सोडला, घडी करून खिशात ठेवला आणि तोंड उघडं टाकून मोठमोठे श्वास घेत उभी राहिली. ह्या जागेत तिने तसा श्वास कधी घेतलाच नव्हता.

तिथून तशाच आम्ही साहेबांकडे गेलो. नव्वदीला टेकलेले, सुनेकडे राहतात. खिडकीशी आरामखुर्ची, मांडीवर शाल, डोकं अजून तल्लख. मावशीला ओळखून त्यांना केवढा आनंद झाला! आणि बंकर उघडला म्हटल्यावर तर टाळीच वाजवली.

"सापडलं म्हणायचं शेवटी! अहो, कमाल झाली होती ती. खऱ्या वस्तू दुसऱ्या गावात, साबणाच्या कारखान्याच्या तळघरात. ट्रक रात्रभर आमच्या आवारात उभे होते, तेव्हा सगळं बदललं. शत्रू शिरला असता तर आधी टेकडी फोडत बसला असता."

"मला का नाही सांगितलंत?" मावशीने विचारलं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर मजाच गेली असती, बाई. नाटक करणारा माणूस कधीतरी चुकतो. तुम्ही रोज ती चुन्याची पाटी घेऊन चढायचात, तोंडाला रुमाल बांधून. ते बघून कुणाची छाती होती शंका घ्यायची? तुमचा प्रामाणिकपणा म्हणजेच आमचं कुलूप!"

हे ते कौतुक म्हणून बोलत होते. सुनेने चहा आणून ठेवला.

मावशी म्हणाली, "मग त्या दिवशी मी दार उघडलं असतं, तर चाललं असतं?"

"कुठल्या दिवशी?"

"भोंगा झाला तेव्हा. लोक दारावर आले होते. माझी बहीण होती. तिचा नवरा गेला. मी तुम्हाला येऊन सांगितलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, बाई, तुम्ही देशाची ठेव राखलीत."

साहेब आठवायचा प्रयत्न करत होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "म्हणालो असेन," ते म्हणाले. मग प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं म्हणून म्हणाले, "आणि चाललं असतं की. विटांना काय होतंय?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर मी उठले होते. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात हे ऐकून होते, पण ह्या माणसाने दाखवायच्या दातांत माझी मावशी बसवली होती, आणि ती इतकी वर्षं तिथे ताठ उभी होती. "केसाने गळा कापलात तुम्ही," मी ओरडले, "आणि वर चहा पाजताय?" सून मधे आली. मावशीने माझा हात धरला आणि म्हणाली, "चल." जाताना तिने साहेबांच्या मांडीवरून घसरलेली शाल उचलून नीट ठेवली. त्याचाही मला राग आला. अजून आहे.

रस्त्यावर आल्यावर मला वाटलं ती घरी जाईल. ती आमच्या गल्लीकडे वळली. आमचा जिना चढताना मधे थांबली, खिशातून रुमाल काढला, हातात धरला आणि परत ठेवला.

दार उघडंच होतं. आई मशीनवर होती. तिने मान वर केली. समोर तिची ताई उंबऱ्याबाहेर उभी, मी मागे. आईने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"धाकटे," मावशी म्हणाली, "आत विटा होत्या."

आईला कळलं नाही. मग मी सांगितलं, तुटक तुटक, जमेल तसं. ट्रक, साबणाचा कारखाना, मलमल, साहेब. आई ऐकत होती. तिचं बोट शिवणीवर जिथे होतं तिथेच राहिलं.

"आत जागा किती होती?" आईने विचारलं.

"होती," मावशी म्हणाली.

"किती?"

"सगळे मावले असते. अख्खी गल्ली."

आई उठली. गुडघे धरून, सावकाश. दारापर्यंत आली. दोघींच्या मधे फक्त उंबरा होता. इतक्या जवळून एकमेकींना बघून जन्म लोटला असेल.

"उघडायला हवं होतं," मावशी म्हणाली. "धाकटे, मी दार उघडायला हवं होतं गं."

मी श्वास सोडला. आईने ह्या एका वाक्यासाठी अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि मी रविवारमागून रविवार. मला वाटलं आता आई तिला आत ओढून घेईल, दोघी रडतील, मी पाणी आणीन. आईचे डोळे भरलेही होते. पण ती माझी आई आहे. तिने ते वाक्य हातात घेतलं आणि कापड घेतात तसं उलटं करून बघितलं.

"आत विटा निघाल्या म्हणून म्हणतेस," ती म्हणाली. "बाळ असतं, तर म्हणाली असतीस?"

मी मनातल्या मनात मावशीला सांगत होते, हो म्हण. फक्त हो म्हण आणि सुटून जा. जगाने तुला एवढं फसवलं, एक खोटं तू बोलून टाक. कुणाचं काही बिघडणार नाही.

मावशीने विचार केला. खाली बघून, पुष्कळ वेळ. ती खोटं बोलली असती तर साहेबांना ती कधी उपयोगी पडलीच नसती.

"नाही," ती म्हणाली.

आईने मान हलवली. तिला तेच उत्तर येणार हे ठाऊक असावं. तिने हात पुढे केला, मावशीच्या खांद्यावर बंकरमधली माती अजून होती, ती झटकली, आणि दार लावून घेतलं.

आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो. आतून कडी घातल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन ऐकत होते. मावशीही ऐकत होती. तो आला नाही. मशीनचाही आवाज आला नाही.